एकोणीस-वीस

आमच्या अण्णांना कुणीही, कशाबद्दलही "कसं काय?" विचारलं, की उत्तर ठरलेलं असायचं. "एकोणीस-वीस." चहा कसा झालाय, गुडघा काय म्हणतोय, नातवाचा पेपर कसा गेला, सगळ्याला तेच. एसटीच्या कार्यशाळेत त्यांनी मेकॅनिक म्हणून बत्तीस वर्षं काढली. पुरती वीसची गाडी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती आणि एकोणीसची गाडी घाट चढते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्या उत्तरात तक्रार नसायची. थोडं कमी आहे, पण चालू आहे, एवढं सगळं त्यात यायचं.

२०२१च्या नोव्हेंबरात त्यांना पहिल्यांदा दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा माझ्या टेबलावर एक काम अर्धवट पडलेलं होतं. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. औषधांची माहितीपत्रकं, रुग्णांची संमतीपत्रं, आशाताईंसाठीच्या पुस्तिका असलं काम. हे काम परिचारिकांच्या प्रशिक्षणाचं होतं. वॉर्डातला पेशंट 'डिटेरिओरेट' व्हायला लागला, की ते वेळेत कसं ओळखायचं, एवढाच विषय. हे क्रियापद त्या मजकुरात एकसष्ट वेळा आलं होतं. मी मोजलं, कारण एकसष्ट ठिकाणी एकच शब्द घालायचा तर तो आधी नीट ठरवायला हवा होता.

'बिघडणे' लिहून पाहिलं. फार मोघम वाटलं. रेडिओही बिघडतो, पोरगाही बिघडतो, हवाही बिघडते. 'ढासळणे' चांगला होता, पण त्यात एकदम काहीतरी कोसळल्याचा आवाज येतो, आणि पुस्तिकेचा सगळा भर तर हळूहळू होणाऱ्या, कुणाच्या लक्षात न येणाऱ्या बदलावर होता. 'खालावणे' पहिल्यांदाच सुचला होता. तो मी खोडून टाकला. उपोषणाला बसलेल्या माणसाची प्रकृती तिसऱ्या दिवशी हमखास खालावते, अशा बातम्या वाचून वाचून तो शब्द माझ्या कानाला गुळगुळीत झाला होता.

दवाखान्यात चौथ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. फाईल चाळली, अण्णांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्या भावाकडे वळून म्हणाले, "कंडिशन थोडी डिटेरिओरेट होतेय." भावानं मान हलवली. आईनं माझ्याकडे पाहिलं. "काय होतंय म्हणाले?"

एकसष्ट वेळा ज्या शब्दाशी झटापट केली होती तो समोर उभा होता, आणि मी म्हणाले, "बिघडतंय म्हणाले."

ऑक्सिजनच्या मास्कवरून अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लहानपणापासून ओळखते. शाळा सुटल्यावर मी कधीकधी त्यांचा डबा आणायला कार्यशाळेत जायची. नवा पोरगा येऊन सांगायचा, "अण्णा, ती कोरेगावची गाडी बिघडली." अण्णा हातातला पाना खाली ठेवायचे. "बिघडली हे पॅसेंजरनं म्हणायचं. तू काय झालंय ते सांग." मग तो पोरगा अंग चोरत सांगायचा. क्लच घसरतोय. पाटे बसलेत. नटाचे आटे गेलेत. लायनर झिजलेत. बेअरिंग वाजतंय. स्टेअरिंगला प्ले आलाय. इंजिन ऑइल खातंय. प्रत्येक भागाला वाईट व्हायची आपली एक रीत असते आणि त्या रीतीचं एक क्रियापद असतं, हे मी व्याकरणाच्या तासाला शिकले नाही, त्या डांबरी वासाच्या शेडमध्ये शिकले. घरी आईचंही तसंच. दूध नासायचं, वरण आंबायचं, शेंगदाणे खवट व्हायचे, भाकरीला बुरा यायचा, तांदळात पोरकिडे व्हायचे. वरण नासलं असं चुकून म्हटलं तरी ती दुरुस्त करायची.

त्या रात्री कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून मी मोबाइलवर 'डिटेरिओरेट'चं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये 'डे' म्हणजे खाली. त्याला दोहोंतला अधिक कोणता हे दाखवणारा 'तेर' हा प्रत्यय लागला. उच्चतर, प्रियतर यातला आपला संस्कृत 'तर' तो हाच, एकाच मुळातून आलेला. म्हणजे 'देतेरिओर' हे आणखी खालचं, आणि 'डिटेरिओरेट' होणं म्हणजे आहे त्याहून खाली जाणं. खालावणं. जो शब्द मी गुळगुळीत म्हणून खोडला होता, तो हुबेहूब तोच निघाला. गुळगुळीत झाला होता तो माझ्या कानात, बातम्यांनी घासून घासून. शब्दाकडे काही कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकसष्ट ठिकाणी 'खालावणे' घातलं. तरी अण्णांच्या त्या नजरेचं उत्तर त्यानं दिलं नव्हतं. खालावतंय, पण काय?

गंमत अशी, की त्या पुस्तिकेचाही तोच प्रश्न होता. इंग्रज डॉक्टरांनाही या क्रियापदावर विसंबून भागत नाही, हे तिच्या प्रत्येक पानावर दिसत होतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली एक तक्ता तयार केला, २०१७ मध्ये तो सुधारला. नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर. सहा गोष्टी मोजायच्या: श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, वरचं ब्लड प्रेशर, नाडी, शुद्ध आणि ताप. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. बाहेरून ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी दोन. बेरीज पाचवर गेली तर डॉक्टरांना तातडीनं बोलवा, सातवर गेली तर धावतच बोलवा. 'पेशंट डिटेरिओरेट होतोय' असं नर्सनं फोनवर नुसतं सांगितलं, तर पलीकडच्या झोपमोड झालेल्या डॉक्टरला काहीच कळत नाही. 'श्वास सव्वीस, सॅच्युरेशन नव्वद, बेरीज आठ' म्हटलं की तो उठतो. म्हणजे 'बिघडली काय म्हणतोस, काय झालंय ते सांग'. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते मास्कमध्येच हसले. त्यानंतर रोज संध्याकाळी विचारायचे, "आज किती मार्क?"

त्या तक्त्यात ऑक्सिजनसाठी दोन पट्ट्या आहेत. तुमच्याआमच्यासाठी एक, आणि ज्यांची फुप्फुसं वर्षानुवर्षं खराब आहेत, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, अशांसाठी दुसरी. पहिल्या पट्टीत नव्वद म्हणजे तीन गुण, धोका. दुसऱ्या पट्टीत अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव म्हणजे शून्य, सगळं ठीक. तरुणपणातल्या विड्यांनी अण्णांना या दुसऱ्या पट्टीत आणून बसवलं होतं. "जुन्या गाडीचं मोजमाप वेगळंच ठेवावं लागतं," ते म्हणाले. त्यांना त्यात काही अपमान वाटला नाही. उलट कुणीतरी जुन्या गाडीसाठी वेगळी पट्टी आखलीय याचं त्यांना बरं वाटलं असावं.

आणि एक गोष्ट त्या पुस्तिकेतली, जी मी आधी शब्दात उतरवली आणि मग डोळ्यांनी पाहिली. श्वास मोजताना पेशंटला कळू द्यायचं नाही. कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर घड्याळावरून हळूच छातीवर न्यायची आणि पुरतं एक मिनिट मोजायचं. पहाटेच्या पाळीला एक तरुण सिस्टर यायच्या. सांगली भागातल्या असाव्यात, बोलण्यावरून वाटायचं. त्या अण्णांचा हात हातात घेऊन उभ्या राहायच्या. अण्णांना वाटायचं नाडी बघतायत. मला माहीत होतं त्या काय मोजतायत. ते एक मिनिट मीही मोजायची. बावीस. चोवीस. त्या आणि मी, दोघी एकमेकींकडे न बघता एकच आकडा मोजत असू.

डिस्चार्जच्या कागदावर आजाराच्या नावापुढे 'अक्यूट एक्झासर्बेशन' असं होतं. या क्रियापदाच्या पोटात 'आकेर्बुस' आहे, कच्च्या फळाची तुरट, आंबट, जीभ आकसवणारी चव. एक्झासर्बेट करणं म्हणजे आधीच तुरट असलेलं आणखी तुरट करणं. आपण इथं वेगळं म्हणतो. दम्यानं उचल खाल्ली म्हणतो, आजार बळावला म्हणतो. हे 'बळावणं' मला फार विचार करायला लावतं. इंग्रजी क्रियापदं बहुतेक करून पेशंटकडे बघतात, तो खाली गेला, वाकला, घसरला. मराठीत पेशंट जागच्या जागी असतो आणि बळ येतं ते आजाराला. म्हणजे अजून कुस्ती चालू आहे. आईनं शेजारणीला सांगितलं, "थंडीनं दमा बळावला होता, आता बसलाय जरा." पाटे बसतात तेव्हा वाईट आणि दमा बसतो तेव्हा चांगलं, हे अण्णांनी लगेच पकडलं.

ते घरी आले तेव्हा एसटीचा संप सुरू होऊन महिना उलटला होता. ऑक्टोबरअखेर सुरू झालेला तो संप पुढे एप्रिलपर्यंत चालला. रोज सकाळी पेपरात 'चिघळला' असायचं. चिघळणं हे खरं जखमेचं. त्याला इंग्रजीत 'फेस्टर' आहे, आणि फेस्टर आला लॅटिन 'फिस्टुला'वरून. फिस्टुला म्हणजे नळी. आयुर्वेदात अशा जखमेला नाडीव्रण म्हणतात, तिथंही नळीच. तोंड मिटलेलं दिसतं आणि आत नळीसारखी वाट पडलेली असते, ती वाहत राहते. दोन वेगळ्या भूमीतल्या वैद्यांनी एकाच जखमेत डोकावून एकच आकार पाहिला.

अण्णांना मात्र संपाच्या बातमीत माणसांइतकीच गाड्यांची काळजी. "डेपोत उभ्या आहेत सगळ्या," ते खिडकीशी बसून म्हणायचे. "उभी गाडी पळणाऱ्या गाडीपेक्षा जास्त खराब होते, कुणाला सांगून पटत नाही." बॅटरी उतरते. टायर ज्या जागी टेकलेला असतो त्या जागी बसतो. रबरी सील वाळून कडक होतात. ब्रेकच्या ड्रमला आतून गंज धरतो. इंग्रजी 'रस्ट' आणि आपलं 'रुधिर' दोन्ही 'लाल' या एकाच मुळातली, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग गव्हावरचा तांबेरा?" शेतकऱ्याचा मुलगा तो. गव्हावरच्या तांबेऱ्यालाही इंग्रजीत रस्टच म्हणतात.

जानेवारीत ते अंथरुणाला खिळले. दोनच आठवड्यांत त्यांच्या पोटऱ्या एवढ्याशा झाल्या, पायजम्याची नाडी दोनदा आवळून बांधावी लागायची. फिजिओथेरपी करायला येणाऱ्या मुलीनं वहीत 'ॲट्रफी' लिहिलं. हा शब्द ग्रीक. 'त्रोफी' म्हणजे पोषण, आणि मागे नकाराचा 'अ', आपल्या अनाथ, अशक्तमधला असतो तोच. पोषणच नाही असं होणं. पण जेवण तर पोटात जात होतं. त्या मुलीनं समजावलं, की स्नायूला नुसतं अन्न पुरत नाही, काम लागतं, काम बंद झालं की तो रोडावतो. अण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "उभी गाडी," ते म्हणाले, आणि पाय वर-खाली करायला लागले. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा, मोजून. मोजताना कधी कधी दम लागून आठवरच थांबायचे, पण आठाला दहा म्हणत नसत.

फेब्रुवारीत पुन्हा दवाखाना. या वेळी फुप्फुसांचा भार हृदयाच्या उजव्या बाजूवर आला होता. पावलं सुजली होती. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. डॉक्टरांनी भावाला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, हृदय 'डीकॉम्पेन्सेट' होतंय.

आजवर भाषांतरात आलेल्या असल्या सगळ्या क्रियापदांत हे मला सर्वांत खरं वाटतं. 'कॉम्पेन्सेट'च्या मुळाशी वजन करणं आहे, दोन गोष्टी तराजूत एकमेकींसमोर ठेवणं. एका पारड्यात आजार उतरतो, दुसऱ्या पारड्यात शरीर आपल्याजवळचं काही ना काही टाकत राहतं. हृदय जास्त जोरानं आकुंचन पावतं, त्याची भिंत जाड होते, श्वास वाढतो. काटा मध्ये राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस बरा आहे. वर्षानुवर्षं असं चालतं. मग एक दिवस टाकायला काही उरत नाही. 'डीकॉम्पेन्सेट'मध्ये नवं संकट आल्याची भाषा नाही. आजवरची भरपाई थांबली, एवढंच ते क्रियापद सांगतं. आणि त्यामुळे मागची सगळी वर्षं अचानक दिसायला लागतात. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर चपलेचा पट्टा नीट करायला म्हणून अण्णा थांबायचे. बाजारातून येताना कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी उगाच गप्पा मारत उभे राहायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं तसे बोलके झाले. ते पारड्यात वजनं टाकत होते.

'पेन्शन' या शब्दाचं मूळही तेच आहे. तोलून दिलेली रक्कम. मराठीत या क्रियापदाला एक शब्द मला आजही सापडलेला नाही. पुस्तिकेत मी लिहिलं, 'शरीर आतापर्यंत करत असलेली भरपाई अपुरी पडू लागते.' लांब आहे, पण नर्सला कळेल.

याच दिवसांत पुस्तिकेतल्या एका वाक्यावर मी अडकले होते. 'वर्सन', म्हणजे आणखी वाईट होणं, हे क्रियापद दोन्हीकडून चालतं. दुखणं आपोआप वर्सन होतं आणि उशीर केल्यानं कुणी ते वर्सनही करतं, रूपात काडीचा फरक नाही. मराठी असं लपू देत नाही. बिघडणं वेगळं, बिघडवणं वेगळं. झिजणं आणि झिजवणं, नासणं आणि नासवणं. वाट लागली म्हटलं तर पुढचा प्रश्न येतोच, वाट लावली कुणी? 'वेळेवर नोंद न झाल्यास स्थिती वर्सन होऊ शकते' असं ते वाक्य होतं. नोंद कुणी करायची होती हे त्यात नव्हतं. मी संस्थेला विचारलं, आणि उत्तर आल्यावर 'नोंद करायची जबाबदारी त्या पाळीतल्या परिचारिकेची' असं स्पष्ट लिहिलं.

इंग्रजीलाही ही उणीव जाणवत असावी. कोरी डॉक्टरो या लेखकानं २०२२ साली 'एन्शिटिफिकेशन' असा शब्द घडवला. त्याच्या पोटात विष्ठेसाठीचा रांगडा इंग्रजी शब्द आहे. इंटरनेटवरच्या सेवा आधी लोकांना भुलवण्यासाठी चांगल्या असतात, मग धंदेवाल्यांच्या सोयीच्या होतात, आणि शेवटी दोघांनाही पिळून सगळं स्वतःकडे ओढतात, त्या क्रियेचं हे नाव. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीनं २०२३चा शब्द म्हणून तो निवडला. त्याचं क्रियापदही चालतं. शब्द कानाला बरा नाही, पण तो का हवा होता ते मला कळतं. त्या सेवा डिटेरिओरेट झाल्या म्हटलं, तर जणू दुधासारख्या आपोआप नासल्या. त्यांना कुणीतरी ठरवून नासवलं, हे सांगणारं क्रियापद हवं होतं.

पण सगळ्यात वाईट व्हायला कुणीतरी जबाबदार असतं असंही नाही, आणि हे मान्य करायला मला अण्णांच्या बाबतीत फार वेळ लागला. मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होते, आधी आणलं असतं तर? विड्या दहा वर्षं आधी सोडल्या असत्या तर? मी 'बिघडवणारा' शोधत होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ताई, आता ते शोधून काही मिळणार नाही." आणि मग थोडं थांबून, "ही इज सिंकिंग."

इंग्रजीचे दोन थर आहेत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दरबाराची, कायद्याची, विद्येची भाषा फ्रेंच आणि लॅटिन राहिली, आणि शेतातले, चुलीजवळचे जुने शब्द खाली राहिले. रॉट, रस्ट, विदर, सिंक हे खालच्या थरातले. उपाय चालू होते तोवर डॉक्टर वरच्या थरात बोलत होते, डिटेरिओरेट, एक्झासर्बेट, डीकॉम्पेन्सेट. उपाय संपले तेव्हा ते एका छोट्या, जुन्या, ओल्या शब्दावर उतरले. मला तो बदल ऐकू आला. भावाला अर्थ विचारावा लागला नाही. आईलाही नाही. ती म्हणाली, "बुडतोय म्हणाले ना?"

आम्ही अण्णांना घरी आणलं.

दवाखान्यातल्या फाईलच्या शेवटच्या पानावर एक नोंद होती, जेवण 'डिक्लाइन्ड'. डिक्लाइन म्हणजे खालावणं आणि डिक्लाइन म्हणजे नम्रपणे नको म्हणणं, हे दोन्ही अर्थ मला शाळेपासून माहीत होते, पण ते एका माणसात एका वेळी पाहिले नव्हते. अण्णा पेजेचा चमचा ओठांशी आला की मान थोडी बाजूला कलती करायचे. रागानं नव्हे. पंगतीत पोट भरलेला माणूस ताटावर हात आडवा धरतो तसं. आई म्हणायची, "दोन घास तरी." ते मान कलती करायचे. या क्रियापदाच्या मुळाशी कलणंच आहे. 'क्लिनिक'ही त्याच मुळातला, कललेल्या माणसाची खाट म्हणजे ग्रीकमध्ये 'क्लिनी'. आणि संस्कृतात त्याच मुळाचा धातू आहे 'श्रि', टेकणं, आधार घेणं. त्यातून आपला 'आश्रय' आला.

रात्री त्यांना संडासला न्यायची पाळी माझी असायची. खाटेवरून दारापर्यंत अकरा पावलं. ते डावा हात माझ्या खांद्यावर टाकायचे आणि हळूहळू सगळा भार माझ्याकडे कलायचा. जानेवारीत तो भार मला पेलवेल का अशी धास्ती वाटायची. मार्चमध्ये तो इतका हलका झाला होता, की ते टेकलेत की नाही हे कळायला मला त्यांच्या हाताला हात लावून बघावा लागायचा.

एप्रिलात संप मिटला. आमच्या गल्लीच्या तोंडावरून पहाटेची पहिली गाडी गेली तेव्हा मी आणि आई दोघी जाग्या होतो. गिअर बदलतानाचा तो आवाज आम्ही दोघींनी ऐकला. अण्णा नव्हते.

पुस्तिका छापून आली. मग दुसरी कामं आली. वर्षभरानं मुलांसाठीचं एक पुस्तक करत होते, चंद्राच्या कलांचं. तिथं 'वेन' हे क्रियापद आलं, चंद्र रोज थोडा थोडा कमी होत जातो त्यासाठीचं. यासाठी आपल्याकडे तयार शब्द होता, उतरती कळा. वद्य पक्षातल्या चंद्राचा तो शब्द आपण धंद्याला, घराण्याला, नाटक मंडळीला लावत आलोय. 'वेन' जुन्या थरातला शब्द. सवयीनं त्याचं मूळ पाहिलं. संस्कृतातला त्याचा भाऊबंद दिला होता: 'ऊन'. उन्हाळ्यातलं ऊन नव्हे. ऊन म्हणजे कमी असलेला. त्याचंच मराठी 'उणा', आणि पाढ्यांच्या वहीतलं 'उणे'.

आणि मग लक्षात आलं, की तो तर आपण मोजताना रोज उच्चारतो. एकोनविंशति. एक ऊन वीस. एकोणीस. जवळजवळ दर दहाच्या शेवटाला आपण पुढच्या दहाकडे बघतो आणि म्हणतो, एकानं उणे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस नऊ' अशी नवी वाचनपद्धत आली. मुलांना सोपं जावं हे मला पटतं, पण एकोणतीसमधलं ते उणेपण त्यात दिसेनासं होतं. एकोणीस मात्र सुटला, कारण ती पद्धत एकवीसपासून पुढची.

अण्णांचं एकोणीस-वीस मला नेहमी बोलायची लकब वाटत आलं होतं. त्यात चंद्राचं उतरणं होतं, आणि ते पहिल्यापासून नेमकं मोजून सांगत होते.

त्या शेवटच्या सकाळी मी खिडकीचा पडदा सारला, त्यांच्या उशाशी बसले, मनगट हातात घेतलं. नाडी मोजून झाली तरी सोडलं नाही. छातीकडे बघत मोजत राहिले. चौतीस. त्यांनी डोळे उघडले.

"कसं काय अण्णा?"

ओठ हलले. "एकोणीस," ते म्हणाले. पुढचा शब्द यायचा होता. मी हात तसाच धरून थांबले.